डिझेलचा वास

सकाळी साडेसहाला, नागज सोडून थोडं पुढे गेल्यावर, नबीचाचांची पिकअप पहिल्यांदा बंद पडली. मागे हौद्यात आमच्या साठ मधपेट्या होत्या आणि साठही पेट्यांची दारं बंद होती.

बंद पडण्याआधी गाडीने दोन आचके दिले. चाचांनी क्लच दाबून ती उताराला सोडली, बाभळीखाली नेऊन उभी केली आणि स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, पण धरलं नाही.

"डिझेल आहे ना?" मी विचारलं.

"काल सांजेला पंपावर टाकी फुल केली तवा तू काय झोपली होतीस? काटा बघ की."

काटा वरच होता.

आण्णा, म्हणजे माझे वडील, खाली उतरले. गाडीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मागे जाऊन एका पेटीला कान लावला, मग दुसरीला. मग नाक वर करून दोन-तीनदा हवा ओढली.

"अजून बऱ्या हायत," ते म्हणाले. "पण वास सोसंना त्यांना. नबी, लवकर कर."

बारा वर्षांपूर्वीची, मार्चमधली गोष्ट. जत तालुक्यातल्या एका डाळिंबाच्या बागेत आमच्या पेट्या महिनाभर होत्या. बहर संपला आणि बागवाल्याने निरोप दिला की उद्या औषध मारणार, पेट्या हलवा. पुढचं रान महूदच्या पलीकडे ठरलं होतं, सूर्यफुलाचं. पेट्या हलवायची पद्धत एकच. अंधार पडून सगळ्या माश्या घरी आल्या की जाळीची दारं लावायची, गाडी भरायची आणि ऊन तापायच्या आत नव्या रानात पोचून दारं उघडायची. वाटेत दार उघडता येत नाही. उघडलं की माश्या बाहेर पडतात आणि गाडी हलली की बाहेर राहिलेल्यांना घर सापडत नाही. दारं लावून उन्हात थांबलं तर आतलं मेण मऊ पडतं, पोळी खाली बसतात आणि माश्या गुदमरून मरतात.

आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. आजोबांची मेंढरं मोडून आण्णांनी पहिल्या दहा पेट्या आणल्या, त्यांच्या साठ केल्या. आणि त्या साठ झाल्या त्या आण्णांच्या नाकावर. झाकण न काढता ते सांगायचे, हिची राणी गेली. हिच्यात मध पिकला. हिच्यात पिल्लं सडायला लागलीत, बाजूला काढ. दुसऱ्या तालुक्यातले मधपाळ त्यांना नुसता वास घ्यायला मोटरसायकलवर बसवून न्यायचे. मी चोवीस वर्षांची होते, आणि ते म्हणतील ते खरं, एवढंच मला मधमाश्यांबद्दल पक्कं माहीत होतं.

चाचांनी बॉनेट उघडलं. डिझेल फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचा छोटा पंप असतो. चाचांनी तो दाबला. तो खाली गेला आणि वर आलाच नाही.

"ह्ये कसं?" चाचा स्वतःशीच म्हणाले. "हवा धरली म्हणावी तर फेस यायला पाहिजे. ह्ये तर ओढतच न्हाय."

टाकीकडून येणारा रबरी पाइप त्यांनी फिल्टरवरून सोडवला, तोंडात धरला आणि गाल फुगवून फुंकर मारली. टाकीत गुडगुड ऐकू आली. चाचा खाली थुंकले, मिशी पुसली.

"टाकीत कचरा आडकला हुता. गेला बघ."

पाइप जोडला, पंप मारला, स्टार्टर दिला. गाडी सुरू झाली.

"फुंकर मारली की पळती," चाचा गिअर टाकत म्हणाले. "घरी मी कोकललो तरी कुणी जागचं हलत न्हाय."

मी हसले. आण्णा हसले नाहीत. खिडकीची काच खाली करून ते तोंड बाहेर काढून बसले.

पाच-सहा किलोमीटरवर पुन्हा दोन आचके आले.

या वेळी चाचांनी फुंकर मारली नाही. सीटखालचा नवा फिल्टर काढला, जुना खोलून रस्त्यावर ओतला. त्यात पाणी नव्हतं, गाळही नव्हता. तरी नवा बसवला, हवा काढली. गाडी सुरू झाली आणि पुन्हा तेवढीच चालली. तिसऱ्या वेळी मी घड्याळ पाहिलं नाही, पेट्यांचा आवाज ऐकला. पहाटे आत एकसारखा, झोपेतल्यासारखा गुणगुणाट होता. आता प्रत्येक पेटीचा आवाज वेगळा येत होता आणि त्यात सारखा चढउतार होत होता. दाराच्या जाळीवर माश्यांचा थर जमला होता. मी एका जाळीवर तळहात धरला. गरम वाफ लागली.

चौथ्यांदा गाडी थांबली ती जुनोणीच्या अलीकडे, बेदाण्याच्या शेडांच्या रांगेसमोर. हिरव्या जाळ्यांच्या लांबच लांब शेडा, आत तारेच्या मजल्यांवर द्राक्षं पसरलेली, हवेत गंधकाची धुरी. शेडेतल्या बायका आवाज ऐकून बाहेर आल्या. पुढे होती ती मुकादमीण, शालनमावशी. डोक्याला टॉवेल, अंगात पुरुषाचा शर्ट.

"काय भरलंय गं गाडीत? मोटर चालू हाय का आत?"

"माश्या हायत, मावशी. मधाच्या."

"अगं बया!" ती दोन पावलं मागे सरली, पण गेली नाही. "मालक तासगावला गेल्यात सौद्याला. हितं काय उघडबिघड करू नका. आमचा सगळा माल उघड्यावर हाय, आन गोड हाय. माश्या आल्या तर पोरी पळून जातील माझ्या."

"उघडत न्हाय," मी म्हणाले. "पाणी मिळंल का? पोती भिजवायला."

पाणी मिळालं. शालनमावशीने टँकरची नळी काढून दिली, वर चार पोरी घागरी घेऊन लावल्या. पेट्यांवरून दोन्ही बाजूंना लोंबणारी गोणपाटं आम्ही भिजवत होतो. पाच मिनिटांत ती वाळत होती. शेडेतून चहा आला. आण्णांनी एक घोट घेतला आणि कप ओतून दिला.

"डिझेल लागलंय चहाला."

"नबीभाईंनी धरला असंल कप," शालनमावशी म्हणाली. "त्यांच्या हाताकडं बघा की. अंगठीबी तेलात तळल्यागत दिसती."

सगळ्या हसल्या. चाचाही हसले. मग ते पुन्हा बॉनेटखाली वाकले आणि एकदम मला हाक मारली.

"वैजू, हिकडं ये. मी इंजिन फिरवतो. तू ह्या पायपाकडं बघ."

त्यांनी स्टार्टर मारला. टाकीकडून येणारा रबरी पाइप माझ्या डोळ्यांसमोर चपटा झाला, आतून कुणी गाल ओढून घ्यावेत तसा.

"चपटा झाला, चाचा!"

"सापडलं! म्हातारं रबर हाय, मऊ पडलंय. पंप ओढतोय आन पाइप मिटतोय."

शेडेतल्या फवारणीच्या मशीनचा जाड पाइप त्यांनी मागून घेतला, हातभर कापला आणि बसवला. गाडी सुरू झाली. चाचांनी हॉर्न वाजवला, बायकांनी हात हलवले. शेडांची रांग संपायच्या आत गाडी बंद पडली. आम्ही ती ढकलत मागे आणली, कारण पाणी तिथेच होतं.

आता ऊन पाठीला लागत होतं. मागच्या रांगेतल्या एका पेटीच्या फटीतून मध खाली ठिबकायला लागला. म्हणजे आतली पोळी बसली होती.

"आण्णा, दारं उघडू," मी म्हणाले. "जाऊ देत किती जायच्यात त्या. निम्म्या तरी जगतील."

"न्हाय."

"मावशी पोरींना आत घेतील, जाळ्या सोडतील. रात्री गोळा झालेल्या घेऊन जाऊ."

शालनमावशी लगेच म्हणाली, "घेते की. मालकाला मी बघते. जीव हायत ते."

"उघडायचं न्हाय म्हणलं ना!" आण्णा ओरडले. ते माझ्यावर कधी ओरडत नसत. "ह्या वासात दार उघडलं तर पिसाळत्याल. राणीला मारत्याल. तुम्हाला काय कळत न्हाय. सगळीकडं डिझेल हाय."

मी दारांवरचा हात काढून घेतला. आण्णांनी वासाचं काही सांगितलं की त्यापुढे बोलायची आमच्यात रीत नव्हती.

चाचा रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. बराच वेळ ते गाडीकडे नुसते बघत राहिले. मग उठले.

"मावशी, फवारणीच्या मशीनचं डिझेल हाय का थोडं?"

एक कॅन आला, तळाशी दोनेक लिटर. चाचांनी तो बॉनेटच्या कडेला दोरीने बांधला आणि नव्या पाइपाचं टाकीकडचं टोक काढून कॅनमध्ये सोडलं. टाकी बाजूला, कॅनवर गाडी. स्टार्टर मारला. इंजिन सुरू झालं. चाचांनी ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबून धरला. इंजिन गरजत राहिलं. एक आचका नाही. मोजत बसावं इतका वेळ चाललं.

"पंप बरा, फिल्टर बरा, पाइप बरा," चाचा इंजिन बंद करून म्हणाले. "खोट टाकीत हाय. झाकण उघडून आत हात घालतो."

टाकीचं तोंड डाव्या बाजूला, हौद्याच्या खाली. त्यावर ओलं गोणपाट लोंबत होतं. ते गोणपाट सकाळपासून कुणी उचललंच नव्हतं, कारण टाकी भरलेली आहे हे सगळ्यांना माहीत होतं. चाचांनी ते वर केलं आणि तसेच उभे राहिले.

झाकणावर मेण थापलेलं होतं. कडेने गोल, दाबून, बोटाने गुळगुळीत केलेलं. किल्लीच्या भोकावरही. पिवळट तपकिरी, आत झाडाच्या डिंकाचा काळसर अंश असलेलं. ते मेण कुठलं आहे हे मला विचारावं लागलं नाही. अख्ख्या जिल्ह्यात तसं मेण एकच माणूस कढवत होता.

चाचांनी पान्याच्या टोकाने मेण उकरलं, किल्ली घातली, झाकण सैल केलं. माश्यांच्या एवढ्या गोंगाटातही तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. टाकीने हवा आत ओढली, लांब, सूंऽऽ करत.

"झाकणाला श्वास असतो," चाचा आण्णांकडे वळून हळू म्हणाले. "डिझेल जाईल तशी हवा आत यायला लागती. सर्जा, तू माझ्या गाडीचं नाक दाबून बसलायस रं सकाळपासनं."

आण्णांनी ते नाकारलं नाही. अवघडलेही नाहीत.

"काल लावलं. तुम्ही पंपावरनं आल्यावर, पेट्या भरायच्या आधी. वास येत हुता झाकणातनं. माश्यांना सोसत न्हाय म्हणून बुजवलं. त्यात काय?"

"कसला वास? काल मी एक नट उघडला नव्हता." चाचा गाडीखाली आडवे झाले आणि टाकीच्या बुडाला तळहात घासून बाहेर आले. हात पुढे केला. "बघ. वाळली धूळ. महिन्याची. एक थेंब गळला असता तर चिखल झाला असता हितं."

"येतोय वास. परवापासनं येतोय."

"परवा तर माझी गाडी सांगोल्यात हुती!"

"गाडीचा न्हाय रं फकस्त," आण्णा म्हणाले. समजूत घालावी तसा त्यांचा आवाज होता. "भाकरीला येतोय. परवा रानातल्या पाण्याला आला. उशाच्या वाकळेला येतोय. सगळीकडंच सांडलंय कुणीतरी."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. शालनमावशीनेही. परवाच्या भाकरी मी केल्या होत्या. पाणी मी भरलं होतं. चाचा तेव्हा आमच्यापासून साठ किलोमीटरवर होते.

आण्णा खाली वाकले, रस्त्यावर पडलेले मेणाचे तुकडे वेचले, दोन्ही तळव्यांत मळले. ऊन होतं, मेण लगेच मऊ झालं. मग त्यांनी झाकण घट्ट फिरवलं आणि पुन्हा थापायला घेतलं.

"आण्णा, नका."

"थोडं लावतो. वास तेवढा थांबू दे, मग निघू."

"सर्जा," चाचा म्हणाले, "लावलंस तर पुन्हा बंद पडणार. आत्ता बघितलंस ना?"

"मग पडू दे. बंद पडली तर थांबू. पण ह्या वासात माश्या न्यायच्या न्हाईत." टाकीला पाठ लावून ते खाली बसले आणि झाकणावर हात ठेवला.

बेदाण्याच्या शेडेतल्या पंधरा-वीस बायका बघत होत्या. मागच्या रांगेतल्या ज्या पेटीतून मध ठिबकत होता तिचा आवाज थांबला होता. शेजारच्या पेटीचा आवाज बारीक होत चालला होता. मी खाली बसले. आण्णांचं मनगट धरलं आणि हात झाकणावरून काढला. त्यांनी तो परत ठेवला. मी परत काढला, या वेळी जोर लावून, आणि दोन्ही हात धरून त्यांना टाकीपासून ओढून बाजूला केलं. माझ्या वडिलांचं वजन तोवर मला माहीत नव्हतं. ते अगदी हलके होते.

"चाचा, मेण काढून पाइप जोडा. गाडी काढा."

"आन ह्यो सर्जा?"

"ह्या गाडीत मी बसणार न्हाय," आण्णा म्हणाले. ते उठलेही नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या माश्या मारायला निघालीस."

शालनमावशी पुढे झाली. "जा तू, पोरी. माझ्यापाशी राहू देत त्यांना. सावलीत बसवते. जा म्हणते ना!"

मी गेले.

गाडी महूदपर्यंत कुठेही थांबली नाही. चाचा वाटभर आरशात फक्त मागे बघत होते. सूर्यफुलाच्या कडेला पेट्या उतरवून मी एकेक दार उघडलं. बहुतेक पेट्यांतून माश्या उसळून बाहेर आल्या, हवेत गोल गोल फिरल्या, फुलांवर गेल्या. मागच्या रांगेतल्या सात पेट्यांतून काहीच बाहेर आलं नाही. झाकणं काढली तर तळाशी ओंजळी-ओंजळीने ओल्या माश्या पडल्या होत्या. पिसाळलेली एकही पेटी नव्हती. मी प्रत्येक पेटीजवळ वाकून वास घेतला. मधाचा होता, मेणाचा होता, मेलेल्यांचा होता. डिझेलचा नव्हता.

ऊन उतरल्यावर आम्ही शेडेपाशी परत आलो. आण्णा बायकांच्या रांगेत बसून बेदाण्याच्या काड्या निवडत होते. मला पाहून त्यांनी विचारलं, "किती गेल्या?"

"सात."

त्यांनी मान हलवली आणि सुपातला बेदाणा सारखा केला.

शालनमावशीने मला बाजूला घेतलं. "दुपारी निवडता निवडता थांबले बघ. ओठ चघळल्यागत करत हुते. मी हाक मारली, दोनदा मारली. डोळे उघडे, पण माझ्याकडं न्हाय. मला वाटलं रागात असतील. मग एकदम म्हणले, पाणी दे. हाक मारलेली म्हायतीच न्हाय त्यांना. तू दवाखान्यात ने त्यांना, वैजू. माश्यांचं बघंल कोणबी."

चाचांनी त्याच गाडीतून आम्हाला मिरजेला नेलं. आण्णा मुकाट बसले. गाडीत बसल्यावर त्यांनी टॉवेल नाकाला लावला, तो मिरज येईपर्यंत काढला नाही.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. कानाच्या वर, आतल्या बाजूला, सुपारीएवढी गाठ होती. वास ओळखण्याची जागा तिथेच असते, असं डॉक्टर म्हणाले. नसलेला वास येणं, मध्येच थांबून ओठ चघळणं, हे तिचंच. त्यांनी मला विचारलं, हे कधीपासून? परवापासून, असं मी सांगितलं. मग त्यांनी आण्णांना विचारलं. आण्णा म्हणाले, दिवाळीपासून.

ऑपरेशन झालं. डिझेलचा वास गेला. बाकीचे वास राहिले की नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवसापासून पेट्या मी बघते. झाकण काढून, चौकट उचलून, उजेडात धरून, डोळ्यांनी. नाकावर मी काही ठरवत नाही. आता आमच्याकडे दोनशेच्या वर पेट्या आहेत. आण्णा रानात येतात, सावलीत खुर्ची टाकून बसतात, धुराचं भांडं पेटवून देतात. मधपाळ भेटायला येतात. त्यांना वास घ्यायला कुणी नेत नाही.

गेल्या आठवड्यात ते खुर्चीतून उठले, पेट्यांच्या मधून चालत गेले आणि एका पेटीपाशी थांबले.

"हिच्यात पिल्लं सडायला लागलीत," ते म्हणाले. "आज जाळ. न्हायतर सगळ्यांना लागंल."

मी झाकण काढलं. सगळ्या चौकटी एकेक करून उन्हात धरल्या. पिल्लं पांढरी, टपोरी, जागच्या जागी होती. मला काही दिसलं नाही. वास घेतला, मला काही आला नाही. तो रोग लागतो तेव्हा सुरुवातीला डोळ्यांना काहीच दिसत नाही, हेही मला माहीत आहे.

"येतोय," आण्णा म्हणाले. "तुला येत न्हाय?"

पोळ्याचा एक तुकडा कापून मी पुण्याला तपासायला पाठवला. मिरजेच्या डॉक्टरांकडे सोमवारची वेळ घेतली. आण्णांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. "दे की पाठवून," एवढंच ते म्हणाले.

पेटी जाळलेली नाही. बाकीच्यांपासून लांब, ओढ्याच्या पलीकडे नेऊन ठेवली आहे. पुण्याहून काल संध्याकाळपर्यंत फोन आलेला नव्हता. आज सकाळी मी ओढा ओलांडायच्या आधीच आण्णा खुर्ची घेऊन पलीकडे जाऊन बसले होते, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून.